बोलणारी गाडी आणि डाव्या सीटवरचं मौन

मंडळी, आख्यान सुरू करण्याआधी एक प्रश्न विचारते. उत्तर लगेच देऊ नका. महाप्रसादानंतर कीर्तनाला बसलेल्या माणसाकडून मी उत्तराची अपेक्षा ठेवतही नाही! प्रश्न एवढाच — सांगणारे पुष्कळ झाले, तर ऐकायचं कुणाचं?

भक्तीचे नऊ प्रकार सांगितलेत. त्यातला पहिला कोणता? श्रवण! बोलणं नव्हे, बघणं नव्हे — ऐकणं. का बरं पहिला? सोपा म्हणून? छे हो! गळतात बहुतेकजण ते इथंच गळतात म्हणून. तोंड बंद ठेवलं म्हणजे ऐकणं झालं असं नाही. ते बघा, त्या खांबाला टेकलेले काका. तोंड केव्हाचं बंद आहे. ऐकतायत का? — नका, नका हलवू त्यांना! दमलेत, राहू दे.

पूर्वी घरात सांगणारं एखादं माणूस असायचं. आता खिशात एक, भिंतीवर एक, आणि गाडीत — गाडीत तर एक बाईच बसवलीय! दिसत नाही, पण बोलते. "दोनशे मीटरवर डावीकडे वळा!" आणि तिचं बोलणं कमी पडेल म्हणून समोर पडदा. पडद्यावर रस्ता. हिरवी रेघ — जा बाबा. पिवळी — जरा दमानं. लाल — बस आता! कानाला आवाज, डोळ्याला रेघ. देवानं दिलेली दोन्ही दारं ठोठावली की नाही?

पण माणूस कसा वागतो बघा. कुणी पडद्याकडेच बघत बसतो. रस्त्यात म्हैस उभी, पण पडद्यावर म्हैस नाही ना — मग ती नाहीच! कुणी नुसतं ऐकतो. बाई "वळा" म्हणाली की वळला, मग तिथं रस्ता असो की लग्नाचा मांडव. आणि आपल्याकडचे बहुतेक? आवाज चालू, पडदा चालू — आणि काच खाली करून पानपट्टीवाल्याला विचारतात, "ओ भाऊ, कराडला हाच रस्ता ना?" (हसताय काय? पेटीवाले आप्पा, तुम्ही तर हसूच नका! आज येताना तीन पानपट्ट्यांवर थांबलो आपण.)

तर ऐका.

चिंचबर्डी नावाचं गाव. गावाची देवी कनकाई. पौषातल्या पौर्णिमेला तिचा उत्सव. कनकाईचा एक चांदीचा मुखवटा आहे. तो चढवायचा आणि मग पालखी उठवायची. आणि रिवाज मोठा कडक — पालखी उठली तर सूर्य बुडायच्या आत उठली पाहिजे. सूर्य बुडाला, की त्या वर्षी पालखी नाही. संपलं! पुढच्या पौषापर्यंत देवी गाभाऱ्यात.

यंदा मुखवटा काळवंडला होता, म्हणून बऱ्याच वर्षांनी हुपरीला चांदीच्या कारागिराकडे उजळायला दिला. तो आणायचा मान कुणाचा? प्रल्हादराव देसाई आणि त्यांची पत्नी मंदाकिनीबाई यांचा. राहायला सांगलीला, पण मान गावातला. प्रल्हादराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. निवृत्त खात्यातून, हां! सल्ले देण्यातून नाही. गाडी चालवताना पुढच्याला सल्ला, मागच्याला सल्ला, सिग्नलला सुद्धा सल्ला! आणि डाव्या सीटवर मंदाकिनीबाई. त्यांचं आपलं चालू, "अहो, हळू. अहो, खड्डा. अहो, तो वळतोय." आणि प्रल्हादराव, "दिसतंय मला! डोळे आहेत मला!" लग्न झाल्यापासून हाच संवाद. गाड्या बदलल्या, संवाद तोच.

मुखवट्याचाही एक रिवाज आहे. एकदा हातात घेतला की खाली ठेवायचा नाही, सीटवरसुद्धा नाही. आणि ज्याच्या हातात तो, त्यानं एक अक्षर बोलायचं नाही. मागच्या वेळी तो बैलगाडीतून चंद्राआत्यांनी आणला होता. वाटेत गांधीलमाशी चावली, कान टोमॅटोसारखा झाला — पण बाईनं "आई गं" म्हटलं नाही!

या चंद्राआत्या म्हणजे प्रल्हादरावांच्या आत्या. आई लवकर गेली तेव्हा पोराला मांडीवर घेऊन वाढवलं ते यांनी. आता खाटेला खिळलेल्या. दोन दिवस आधी फोनवर म्हणाल्या, "पल्या, माझी खाट देवळाच्या अंगणात टाकायला सांगितलीय. पालखी उठताना एकदा बघू दे. पुढच्या पुनवेला मी काही नाही रे." प्रल्हादराव म्हणाले, "आत्या, असं काय बोलतेस!" पण फोन ठेवल्याबरोबर पंचांग काढून सूर्यास्ताची वेळ बघितली. कारण आत्या हिशेबाच्या पक्क्या होत्या. उगाच बोलायच्या नाहीत.

तर निघाली जोडी. मुखवटा मंदाकिनीबाईंच्या मांडीवर, हिरव्या खणात. बाईंचं मौन. आणि प्रल्हादराव? काय सांगू! चेहऱ्यावर असा आनंद — मुखवट्यापेक्षा जास्त उजळलेला! "वा! आज गाडी चालवायला मजा आहे. कसं शांत वाटतंय!"

बाईंनी नुसतं बघितलं. ते बघणं कसं असतं, ते इथल्या विवाहित पुरुषांना मी सांगायला नको.

थोडं पुढं गेले आणि यंत्रातली बाई बोलली, "पुढे वाहतूक कोंडी आहे. पर्यायी मार्ग उपलब्ध. डावीकडे वळा." पडद्यावर बघितलं तर रेघ लाल. नुसती लाल नाही, जांभळाकडे झुकलेली! म्हणजे कानानं ऐकलं, डोळ्यानं बघितलं. कुणी शहाणा असता तर?

प्रल्हादराव म्हणाले, "ही मला रस्ता शिकवते! अगं, या भागातला प्रत्येक पूल मी मोजलेला आहे. कोंडी कशी असेल? काल नव्हती!"

मंदाकिनीबाईंनी बांगड्या वाजवल्या. डावीकडे हात केला.

"तू पण तिच्याच बाजूची! दोघी बायका एक झालात!"

आणि सरळ गेले. जाऊन कुठं थांबले? उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं! पुढं एक ट्रॉली कलंडलेली, ऊस रस्ताभर, आणि त्या उसावर निम्मं गाव गोळा झालेलं. मदतीला हो! मदत करता करता प्रत्येकाच्या काखेत दोन-दोन ऊस!

गाडीत फोन वाजला. गावाकडून चुलतभाऊ, हणमंतराव. या हणमंतरावांचा मानावर जुना डोळा. "दादा, कुठवर आलात?"

"आलोच!"

बघा! आपल्या भाषेत "आलोच" याचा अर्थ काय? घरातून अजून निघालो नाही, इथपासून ते गाडी कोंडीत रुतली, इथपर्यंत काहीही!

"नाही, दिवस कलायला लागला म्हणून विचारलं. आत्या सारखं दाराकडं बघतायत."

एवढं ऐकलं आणि प्रल्हादरावांचा चेहरा उतरला. पश्चात्ताप झाला. आणि मंडळी, पश्चात्ताप झालेला माणूस कसा वागतो? एकदम दुसऱ्या टोकाला! गाडी कशीबशी वळवली, आडरस्त्याला लावली आणि म्हणाले, "आजपासून बाई म्हणेल ते. मी काही डोकं लावणार नाही."

डोकं लावायचं नाही, ही श्रद्धा नव्हे हो! हा रुसवा! पण यांनी केलं तसंच. बाई म्हणाली डावीकडे — डावीकडे. म्हणाली उजवीकडे — उजवीकडे. पुन्हा म्हणाली डावीकडे — आणि गाडी थेट एका गुऱ्हाळाच्या अंगणात! समोर उसाचा रस उकळत असलेली काहील. गुऱ्हाळवाला अजिबात दचकला नाही. दोन ग्लास रस घेऊन आला.

"या पाव्हणं. गाडीतल्या बाईनं पाठवलं न्हवं?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"दिसाला चार येत्यात! गुळापरास आता रसावरच चाललंय आमचं. बाईला म्या दुवाच देतो बगा."

प्रल्हादरावांनी डोक्याला हात लावला. आता एकच उरलं. वळले डाव्या सीटकडे. आवाज अगदी मऊ. "अगं... तुझं माहेर इथनं जवळच ना? तूच दाखव रस्ता."

अहाहा! मंदाकिनीबाईंना काय झालं असेल! जन्म गेला या वाक्याची वाट बघण्यात — आणि आलं तर कधी? बोलता येत नाही तेव्हा! पण डोळे लकाकले. ताठ बसल्या. मान उंच. आणि बोट केलं — उजवीकडे, कालव्याच्या कडेचा रस्ता! शाळेत जायच्या ना त्या सायकलवरून त्या रस्त्यानं.

यंत्र ओरडतंय, "शक्य असल्यास मागे वळा!" प्रल्हादराव म्हणतात, "गप बस! आमच्या घरातलं माणूस सांगतंय!"

तुम्हाला वाटलं असेल, आता कीर्तनकार बाई म्हणणार, बायकोचं ऐकलं आणि गाडी सुखरूप पोहोचली. पुढच्या रांगेतल्या वहिनींनी तर यजमानांना कोपर मारून झालं! थांबा वहिनी, घाई करू नका. कोपर परत घ्या!

कारण मंदाकिनीबाईंची शाळा सुटून जमाना झाला होता. सायकलचा रस्ता तो. त्यात कालव्याला पाणी सोडलेलं, कड झिरपत होती. गाडी शंभर पावलं गेली, घसरली — आणि मागची चाकं चिखलात! जन्मभर ज्या खात्यानं पगार दिला, त्याच खात्याच्या कालव्यानं गाडी धरली!

प्रल्हादराव तापले. "झालं समाधान? स्वतःचं ऐकलं — कोंडी! यंत्राचं ऐकलं — गुऱ्हाळ! तुझं ऐकलं — चिखल! आता ऐकायचं तरी कुणाचं?"

बघा, आपला प्रश्न त्यांच्या तोंडून आला.

बाईंना तर बोलताच येत नव्हतं. त्यांनी दार उघडलं. मुखवटा छातीशी धरला आणि पाय खाली टाकला. नवी इरकली, हो! उत्सवाची! घोट्यापर्यंत चिखल. गाडी हलकी व्हावी म्हणून उतरल्या. मागं जाऊन उभ्या राहिल्या, एका खांद्यानं गाडीला रेटा द्यायला लागल्या. चूक झाली होती. कळत होतं. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते पुसायला हात मोकळा नव्हता.

प्रल्हादरावांनी ते आरशात बघितलं. आणि आत, थंडगार हवेत, यंत्रातली बाई त्याच आवाजात सांगत होती, "शक्य असल्यास मागे वळा." तिच्या आवाजात फरक नाही! तिच्या साडीला चिखल नाही! रागवू नका तिच्यावर, तिचं कामच ते. खरं तर मघाशी कोंडीचं तिनं खरंच सांगितलं होतं. पण चुकली तरी ती उतरत नाही, आणि बरोबर आली तरी ती आपल्याबरोबर पोहोचत नाही.

शेजारच्या शेतात चार बाया खुरपत होत्या. त्या आल्या धावत. लावले हात गाडीला. आणि प्रल्हादरावांनी काय करावं? दिला पाय दाबून! चाकं गरगर, आणि चिखलाचा फवारा त्या बायांच्या तोंडावर!

"आवं काका! रेस नका वढू! आमाला काय रंगपंचमी हाय का?"

"मला गाडी चालवता येते!"

"त्ये बगतोय की आमी!"

चिडून प्रल्हादराव उतरले, "बघू द्या मला," म्हणाले, एक पाऊल टाकलं — आणि सपशेल आडवे! उजवा पाय मुरगळला. उभं राहायला जातात तर कळ मस्तकात. आता? हा पाय टेकवून गाडी कशी चालवायची? सूर्य तिकडं उसाच्या तुऱ्यांवर आलेला. तिकडं अंगणात आत्यांची खाट.

मंदाकिनीबाई पुढं आल्या. एक क्षण थांबल्या. मग मुखवटा नवऱ्याच्या हातात दिला.

टाळ थांबवा जरा. हे बघा काय झालं! मुखवटा ज्याच्या हातात, मौन त्याला! प्रल्हादरावांनी तोंड उघडलं होतं — "अगं पण तुला गाडी" एवढं म्हणायला — ते उघडंच राहिलं! आणि बाईंची जीभ सुटली.

"बसा. डावीकडे. पट्टा लावा. आणि हो, मला चालवता येते. तुम्ही दुपारी झोपता ना, तेव्हा मंडईत काय मी उडत जाते?"

चारही बाया अशा हसल्या, की त्या हसण्यानंच गाडी अर्धी वर आली असेल. बाईंनी हलक्या पायानं गाडी सोडली, मागून रेटा बसला — निघाली!

आता डोळ्यांसमोर आणा. मंदाकिनीबाई चालवतायत. प्रल्हादराव डाव्या सीटवर. समोर खड्डा आला की यांचा घसा हलतो, पण शब्द नाही! ट्रॅक्टर आला की डावा पाय आपोआप खाली दाबला जातो — तिथं ब्रेकच नाही! घामानं सदरा भिजला. डाव्या सीटवरून जग केवढं भयंकर दिसतं, हे त्या गृहस्थाला त्या दिवशी कळलं. ती रोज "हळू" म्हणायची, ते दोष काढणं नव्हतं. त्या सीटवर चाक नसतं, ब्रेक नसतो. असतो तो फक्त जीव — स्वतःचा आणि शेजारच्याचा.

मंदाकिनीबाईंचा जवळचा चष्मा घरी राहिलेला. पडदा काही नीट दिसेना. त्या यंत्राचं ऐकत होत्या, आणि उत्तरंही देत होत्या! "उजवीकडे वळा." "वळते बाई, वळते." "वेगमर्यादा ओलांडली आहे." "हो गं, आज ओलांडू दे." पण ऐन फाट्यावर यंत्रातली बाई गप्प झाली. विचार करत होती म्हणा. आणि पडद्यावर सरळच्या रस्त्यावर लाल रेघ उमटली. ती बघितली प्रल्हादरावांनी. बोलता येईना! त्यांनी कोपरानं काचेवर ठोकलं. बाईंनी वळून बघितलं. त्यांनी मानेनं डावीकडे दाखवलं — अगदी कळवळून.

आता सांगा. त्या म्हणू शकल्या असत्या, "दिसतंय मला, डोळे आहेत मला." जन्मभराचं उसनं फेडायची संधी! इथल्या किती जणींनी सोडली असती?

त्या एवढंच म्हणाल्या, "डावीकडे ना? बरं." आणि वळल्या.

देवळापाशी आले तेव्हा सूर्याची कड उसाला टेकली होती. पालखी सजलेली, खांदेकरी उभे. प्रल्हादराव लंगडत उतरले, चिखलानं माखलेले, हातात लखलखीत मुखवटा. आणि हणमंतराव आडवे आले!

"थांबा! फोनवर दादा बोलले, म्हणजे मुखवटा वहिनींच्या हातात होता. आता दादांच्या हातात कसा? हात बदलले! हे रिवाजात बसत नाही. पालखी उठायची नाही!"

प्रल्हादराव लाल! पण बोलणार कसं? मंदाकिनीबाई बोलायला पुढं झाल्या, तोच खाटेवरून आवाज आला. बारीक, पण आला.

"हणमंता, इकडं ये. बैलगाडीतून मी मुखवटा आणला, तेव्हा सबंध वाट माझ्या हातात होता होय रे? हातांना मुंग्या आल्या, की आमचे हे, तुझे मामा, घ्यायचे. ते गप्प बसायचे, मी बोलून घ्यायची. मौन देवीच्या रागासाठी नाही ठेवलेलं. जोडीतलं एक बोलत असताना दुसऱ्यानं ऐकावं, म्हणून ठेवलंय. सर बाजूला. ऊन चाललं माझं."

हणमंतराव सरले. मुखवटा चढला. पालखी उठली — शेवटचं ऊन नेमकं त्या चांदीवर पडलं, आणि आत्यांनी खाटेवरून हात जोडले. बघत राहिल्या. पालखी वळणाआड गेली तरी बघत राहिल्या.

प्रल्हादरावांचं मौन सुटलं होतं. सगळ्यांना वाटलं, आता हे हणमंतरावांवर तुटून पडणार. ते आत्यांच्या पायाशी जाऊन बसले. आत्या म्हणाल्या, "बोल की रे आता."

ते म्हणाले, "तू बोल. मी ऐकतो."

आत्या बोलल्या. काय बोलल्या ते आख्यानात नाही. त्या दोघांचं ते. पुढच्या पौषातल्या पौर्णिमेला अंगणात खाट नव्हती.

तर मंडळी, ऐकायचं कुणाचं? जो कधीच चुकत नाही त्याचं? असा कुणी भेटला तर मलाही कळवा! ऐकायचं त्याचं, जो चुकला तर आपल्याबरोबर चिखलात उतरतो. देवाचीही गोष्ट तीच. एकानं त्याच्याकडे सैन्य मागितलं, त्याला सैन्य मिळालं. दुसऱ्यानं म्हटलं, तू नुसता माझ्या रथावर बस. तो बसला, घोडे हाकले, अंगावर बाण घेतले. आपल्यावरचे बाण ज्याच्या अंगावरही येतात, तोच वाट सांगू शकतो.

आता तुम्ही घरी जाल. काहीजण गाडीनं जाल. यंत्र जरूर लावा, लाल रेघ दिसली तर मुकाट्यानं वळा, अडाणीपणा करू नका. फक्त त्याचा आवाज जरासा कमी ठेवा. शेजारून कुणी "हळू" म्हणेल, ते ऐकू येईल एवढाच कमी. आणि म्हणालं, तर "दिसतंय मला" म्हणू नका. "बरं" म्हणा.

आणि ज्यांच्या गाडीत ती जागा आता रिकामी आहे, त्यांना मी काय सांगू? त्यांना काही सांगायची गरज नाही. ते आजही खड्डा आला की हळू करतात.